आवाज येतोय का?

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या तीन वर्षांत माझ्या कानांवर सर्वांत जास्त वेळा पडलेले वाक्य म्हणजे 'आवाज येतोय का?' रविवारी सकाळी नऊला झूमवर वर्ग सुरू होई, सर क्षणभर पडद्याकडे पाहत आणि हा प्रश्न विचारत. चाळीस-पन्नास काळ्या चौकोनांतून कोणीतरी 'येतोय सर' असे लिही, कोणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी देई, आणि मग धडा पुढे सरके. तेव्हा या प्रश्नाचे मला काहीच वाटले नाही. तो किती खोल मुरला होता हे फार पुढे, एका वेगळ्याच खोलीत कळले. ती हकीकत पुढे येईलच.

मी इचलकरंजीत एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. शिक्षण बी.कॉम., तेही मराठी माध्यमातून. २०२० च्या टाळेबंदीत यंत्रमागांचा खडखडाट थांबला आणि माझ्याकडे उधारी वसुलीचे फोन आले. माणसे आधी वायदे करत, मग चिडत, आणि काही जण रडत. पलीकडे एक कर्ता पुरुष रडतो आहे आणि आपण हातात खातेवही धरून गप्प बसलो आहोत, या अवस्थेत काय बोलावे हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, मी एका मुक्त विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, कारण तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालत होता आणि नोकरी सोडावी लागत नव्हती. कागदोपत्री हा अभ्यासक्रम 'दूरस्थ' होता, 'ऑनलाइन' नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोग या दोन्हींना वेगळे मानतो. प्रत्यक्षात मात्र पुस्तके पीडीएफमध्ये, वर्ग झूमवर, स्वाध्याय संकेतस्थळावर चढवायचे आणि शंका व्हॉट्सॲपच्या गटात, असा सगळा कारभार असल्यामुळे घरात आणि शेजारी सगळे 'ऑनलाइन एम.ए.' असेच म्हणत, आणि मीही तसेच म्हणू लागले.

हिशेबनीस असल्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी वेळेचा ताळेबंद मांडला. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. आमचे श्रेयांक ६४, म्हणजे १९२० तास. दोन वर्षांत ते बसवायचे तर एकही सुट्टी न घेता रोज दोन तास अडतीस मिनिटे. माझ्याकडे पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ होता. दोन वर्षांची पदवी मला तीन वर्षे लागली, यात आश्चर्य नाही. पण प्रवेशाच्या जाहिरातीत 'आपल्या सवडीने शिका' असे लिहिलेले असते तेव्हा ही सवड नेमकी किती लागते याचा आकडा तिथे कोणी देत नाही.

त्या पहाटेच्या अभ्यासात मला हर्मान एबिंगहाउस यांची सोबत झाली. या जर्मन संशोधकाने स्मृतीवरचे प्रयोग स्वतःवरच केले. प्रयोगकर्ताही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तोही तोच. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायच्या, आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार ही बचत तासाभरातच ४४ टक्क्यांपर्यंत खाली येते, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के राहते आणि महिन्याने सुमारे २१. म्हणजे जे जायचे ते पहिल्या काही तासांतच जाते. उरलेले बऱ्यापैकी टिकते. हे वाचल्यावर मी पहाटे वाचलेल्या भागाची दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटे, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे आणि रविवारी एकदा अशी उजळणी ठेवली. एकट्याने शिकणाऱ्याला वर्गातली कुजबुज, मैत्रिणीची वही, सरांनी फळ्यावर दोनदा अधोरेखित केलेला शब्द असे कोणतेच आधार नसतात. त्यांची जागा वेळापत्रकानेच भरून काढावी लागते.

खरी अडचण भाषेची होती. पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत आणि डोके मराठीत. मी एक शंभरपानी वही केली आणि डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला असे लिहीत गेले: प्रबलन, अभिसंधान, विश्वसनीयता, शून्य परिकल्पना. काही मराठी संज्ञा मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही अवघड निघाल्या, हे कबूल करायला हवे. पण संज्ञा शोधण्याच्या निमित्ताने संकल्पना दोनदा तपासली जाई, हा फायदा मोठा होता. 'ऋण प्रबलन' हे त्याचे उत्तम उदाहरण. प्रबलन म्हणजे एखादे वर्तन पुन्हा होण्याची शक्यता वाढणे. ऋण म्हटले की बहुतेकांना शिक्षा वाटते आणि परीक्षेत तेच लिहून गुण जातात. शिक्षेने वर्तन कमी होते. ऋण प्रबलनाने ते वाढते, कारण त्या वर्तनामुळे एखादी नकोशी गोष्ट थांबते. हॉटेलात मूल किरकिर करते, आई मोबाइल हातात देते, किरकिर थांबते. मुलाला बक्षीस मिळाले हे सगळ्यांना दिसते. पण त्याच क्षणी आईच्याही वर्तनाचे प्रबलन झाले, आणि पुढच्या वेळी तिचा हात अधिक लवकर मोबाइलकडे जाणार, हे मला वहीच्या त्या पानावर कळले. त्यानंतर कित्येक दिवस मी कुठेही गेले की माणसांपेक्षा प्रबलनेच पाहत होते. नवशिक्याचा हा ताप सगळ्यांना येतो, असे ऐकते.

संख्याशास्त्राला गट घाबरत होता. मला ते माहेरासारखे वाटले. प्रमाण विचलन, सहसंबंध, 'टी' परीक्षण यांत हात बसायला मला वेळ लागला नाही, पण एक सवय मोडावी लागली. आमच्या पेढीवर एका रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसून तो शोधतात, कारण हिशेबात फरक म्हणजे चूक. संख्याशास्त्र म्हणते की फरक येणारच. तो नुसत्या योगायोगाने येऊ शकला असता का, एवढेच विचार. योगायोगाच्या शक्यतेची ०.०५, म्हणजे शंभरात पाच, ही मर्यादा आधी ठरवून घ्यायची आणि तरीही आपला निष्कर्ष चुकू शकतो हे मान्य करायचे, ही गोष्ट वीस वर्षे तेरीज जुळवलेल्या बाईच्या पचनी सहज पडत नाही.

प्रात्यक्षिकांसाठी काही रविवार कोल्हापूरला एका महाविद्यालयात जावे लागे. मराठी प्रयोगवह्यांत ज्याच्यावर प्रयोग करतात त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, आणि दूरस्थ विद्यार्थ्यासमोरचा पहिला यक्षप्रश्न म्हणजे प्रयुक्त आणायचे कुठून. मी शेजारच्या काकूंना विचारले. त्या ब्लाउज शिवतात, दिवसभर घरी असतात, स्वभावाने हौशी. मी संमतिपत्र पुढे केले तशा त्या मागे सरकल्या.

"सही कशाला गं? जामीनबिमीन नाही ना राहायचं?"

"नाही हो काकू, नुसतं 'माझ्या मर्जीने भाग घेते आहे' असं लिहिलंय."

"मर्जीने तर आलेच आहे की. सहीचं नको. एकदा हात पोळलेत आमचे."

संमती म्हणजे काय आणि ती कागदावर का घ्यायची यावर आमच्या पुस्तकात एक सबंध घटक होता. सही हा शब्दच एखाद्या घराला का भिववतो, हे त्यात नव्हते. शेवटी मी संमतिपत्र मोठ्याने वाचून दाखवले, त्यांच्या सुनेला शेजारी बसवले आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी सही केली.

प्रयोग म्युलर-लायर यांच्या दृष्टिभ्रमाचा होता, १८८९ सालचा. दोन सारख्या लांबीच्या रेघा. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली टोके, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारी पिसे. पिसांची रेघ लांब दिसते. मी पुठ्ठ्याचे सरकते उपकरण केले होते. मागच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी चिकटवलेली. प्रयुक्ताने पिसांची रेघ सरकवत बाणाच्या रेघेइतकी करायची आणि चूक मागे वाचायची. काकू रोज टेपने मापे घेणाऱ्या, नजरेने अर्धा इंच ओळखणाऱ्या, त्यामुळे त्यांची चूक थोडी येईल असा माझा अंदाज होता. दर वेळी त्या पिसांची रेघ आखूड ठेवून म्हणत, "झाल्या बघ सारख्या." वीस प्रयत्नांनंतर मी गुपित सांगितले. त्यांनी गळ्यातला टेप काढून दोन्ही रेघा स्वतः मोजल्या, पुन्हा नजरेने पाहिल्या आणि वैतागून म्हणाल्या, "टेप खरं बोलतोय, पण दिसतंय मात्र तसंच." जाणण्याने दिसणे बदलत नाही, ही गोष्ट मी आधी तीन पाने वाचली होती. समजली ती या वाक्याने.

आता जरा कटू भाग. प्रयोगवह्या जमा करायच्या आठवड्यात गटावर एक पीडीएफ फिरली. कोणाची तरी तयार वही होती. तपासणीच्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या चौघांच्या वह्यांत एकच प्रयुक्त होता: वय २२, पदवीधर, उजव्या हाताचा, आणि त्याच्या वीसही प्रयत्नांतल्या चुका चारही वह्यांत अगदी त्याच. हिशेब तपासणाऱ्याच्या डोळ्यांना असले आकडे लांबूनच दिसतात. तपासणाऱ्यांना ते दिसले नाहीत किंवा दिसूनही त्यांनी सह्या केल्या. त्यांच्यापुढे वह्यांचा ढीग होता आणि दुपारी दोनपर्यंतची मुदत होती. स्वाध्यायांचेही तेच. पैसे देऊन तयार उत्तरे मिळत होती. सगळेच तसे करत होते असे नाही. आमच्या गटातल्या एका परिचारिकेने रात्रपाळीनंतर वाड्यावस्त्यांवर फिरून प्रयुक्त गोळा केले. पण तिला आणि त्या चौघांना मिळालेली पदवी एकच आहे.

मानसशास्त्रीय चाचण्यांच्या बाबतीत पडदा अगदीच तोकडा पडला. शाईच्या डागांत काय दिसते यावरून व्यक्तिमत्त्व जोखणाऱ्या रोर्शाक चाचणीची दहा कार्डे वर्गात दाखवणार का, असे कोणीतरी विचारले, तेव्हा मॅडमनी स्पष्ट नकार दिला: पन्नास मोबाइलांवर त्यांची छायाचित्रे निघाली, तर ती पुढे कुठे जातील याला धरबंद नाही, आणि आधीच पाहिलेल्या कार्डावर दिलेल्या प्रतिसादाला किंमत उरत नाही. त्यांचे म्हणणे योग्यच होते. परिणाम असा, की आम्ही त्या चाचणीबद्दल चाळीस गुणांचे लिहू शकत होतो आणि कार्ड हातात धरलेले नव्हते. बुद्धिमापनाच्या धड्यात मात्र एक आपुलकीचा उल्लेख भेटला. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिचाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी अनुकूलन केले, ती बिने-कामत चाचणी. परक्या मुलांवर बेतलेले मानदंड आपल्या मुलांना लावायचे नाहीत, हे आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी कोणीतरी कष्टाने करून ठेवले होते, आणि आमच्या गटातले लोक मात्र संकेतस्थळावरून इंग्रजी प्रश्नावल्या उतरवून तोंडी भाषांतर करत होते.

दुसऱ्या वर्षी समुपदेशनाची कौशल्ये झूमवर शिकवली. दोघादोघांना वेगळ्या खोलीत सोडत. एक समुपदेशक, एक समस्या घेऊन आलेला. नजरेला नजर द्या, असे पुस्तक सांगते. पण समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहिले की त्याला मी खाली पाहते आहे असे दिसे, आणि त्याला माझी नजर मिळावी म्हणून कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे पाहिले की मला त्याचा चेहरा दिसेनासा होई. आणि कोणी गप्प बसले, की दोन सेकंदांत दुसरा विचारी, "आवाज येतोय का?" पडद्यावर शांतता म्हणजे बिघाड. आम्ही तीन वर्षे, दर रविवारी, शांततेला बिघाड मानण्याचा सराव करत होतो.

आंतरवासितेसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, चार ठिकाणी नकार मिळाला. दूरस्थचे विद्यार्थी आम्ही घेत नाही, असे दोन ठिकाणी तोंडावर सांगितले. अखेर गावाबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्राने घेतले. पहिल्या मुलाखतीला समोर बसलेल्या माणसाबद्दल मी इथे काहीच लिहिणार नाही. फक्त एवढेच, की तो बोलत नव्हता. मी नाव विचारले, काम विचारले, घरी कोण कोण, झोप कशी, जेवण कसे. त्याने मान हलवली. मी पुढचा प्रश्न विचारला. पंधरा मिनिटांत माझा तक्ता भरला आणि मी समाधानाने बाहेर आले. केंद्रातले जुने समुपदेशक कोपऱ्यात बसून होते. स्वतः कधी काळी तिथेच उपचार घेतलेले, शिक्षण बारावीपर्यंत. ते म्हणाले, "मॅडम, तो तीनदा बोलायला लागला होता. तिन्ही वेळा तुम्ही अडवलंत."

मला एकदाही दिसले नव्हते. ओठ उघडणे, श्वास घेणे, हात मांडीवरून उचलून पुन्हा ठेवणे, हे सगळे झाले होते म्हणे. पुढच्या आठवड्यात तक्ता बाहेर ठेवून गेले. भिंतीवर घड्याळ होते. एक मिनिट गेले, मग दुसरे, आणि माझ्या जिभेवर तोच रविवारचा प्रश्न येऊन थांबला. चौथे मिनिट संपत आले तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, "पोरगी हाक मारत नाही." त्यानंतर तो अर्धा तास बोलला.

त्या केंद्रात माझी शंभरपानी वही उलटी झाली. आता डावीकडे लोकांचे शब्द येऊ लागले: जिवाला घोर, धास्ती, हुरहूर, छातीवर दगड, मन उडणे, कशात जीव न लागणे. पुस्तकात 'अँग्झायटी' हा एकच शब्द. आपल्याकडे धास्तीला कारण असते, घोर दुसऱ्या कोणासाठी लागतो आणि हुरहूर कधीकधी हवीशीही वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, अविवेकी विचार बदलून भावना सावरणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवरचा धडा मला सोपा गेला, कारण कि. मो. फडके यांनी ती मराठीत इतकी वर्षे मांडली आहे की विचार करायला शब्द तयार होते. बाकीचे धडे अजून त्यांच्या फडक्यांची वाट पाहत आहेत.

पदवी मिळाल्यावर गल्लीतला प्रश्न एकच: "दवाखाना कधी टाकताय?" मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ज्याने वैद्यकीय शिक्षण घेऊन मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, तो औषधे देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ ही संज्ञाही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने बांधून दिली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता लागते, आणि एम.ए.नंतरचा एम.फिल.चा जो मार्ग त्या कायद्यात दिला आहे तो दोन वर्षांचा, पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. माझे एम.ए. म्हणजे त्या दाराची पायरी. दारावर माझ्या नावाची पाटी लागत नाही, आणि नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असे लिहिणारे पाहिले की मला त्या चार वह्या आठवतात.

२०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्णयच घेतला. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम, त्यांत मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायचे नाहीत. आमच्या जुन्या गटावर त्या दिवशी मोठा गदारोळ झाला. ज्या पद्धतीने मी शिकले तीच बंद झाली याचे मला वाईट वाटायला हवे होते, पण मला निर्णय बरोबर वाटतो आणि गटावर मी तसे लिहिले. ज्याच्या हातात माणसे द्यायची आहेत, त्याला कोणीतरी कोपऱ्यात बसून पाहिलेच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. दार बंद करताना पर्यायी वाट काढलेली नाही. संध्याकाळचे वर्ग असलेले महाविद्यालय आमच्या भागात मला माहीत नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर मानसशास्त्राचे सुटे अभ्यासक्रम आहेत, ते ज्याला नुसते जाणून घ्यायचे आहे त्याने जरूर करावेत. पदवीची गरज असलेल्याचे त्यांनी भागत नाही.

गेल्या महिन्यात काकूंची सून आली होती. संमतिपत्राच्या वेळी शेजारी बसलेली तीच. तिलाही मानसशास्त्र करायचे आहे, आणि माझ्यासारखे घरी बसून. मी तिला नवा नियम सांगितला आणि कोल्हापूरच्या नियमित एम.ए.ची माहिती काढून दिली. आम्ही दोघींनी मिळून तिचाही ताळेबंद मांडला: वर्ग अकराला, जायला-यायला मिळून सव्वादोन तास, मूल तीन वर्षांचे, अंगणवाडी साडेबाराला सुटते, आणि काकूंच्या डोळ्यांचे ऑपरेशन दिवाळीनंतर. तिने आकडे एका कागदावर लिहून घेतले, खाली रेघ मारली, पण बेरीज केली नाही. प्रवेश अर्ज ती घेऊन गेली आहे. काल गॅलरीत दिसली तेव्हा मी तिला काही विचारले नाही, आणि तीही काही बोलली नाही.